त्या नावांना हसण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जगभरातल्या 'विचित्र' बाळनावांची यादी छापून आली होती. प्रत्येक नावापुढे एक चिमटा काढलेला. मी तीस वर्षं पहिलीच्या वर्गाची हजेरी घेतली आहे. ती यादी वाचून मला हसू आलं नाही, वाईट वाटलं. म्हणून हे पत्र.

एका वर्षी शाळेच्या पहिल्याच दिवशी हजेरीपटावरचं एक नाव मला लागेना. मी थांबले, अक्षरं जुळवली आणि चुकीचं वाचलं. वर्ग खिदळला. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि खाली बघत म्हणाली, "बाई, मला काहीही म्हणा, चालेल." सहा वर्षांची पोर! मधल्या सुट्टीत तिला जवळ बसवून विचारलं, तेव्हा कळलं की तिच्या आईनं दोन्ही आज्यांच्या नावांतली अक्षरं घेऊन ते नाव घडवलं होतं. दुसऱ्या दिवशी तिनं ते फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं आणि कुठलं अक्षर कुठल्या आजीचं ते सगळ्यांना दाखवलं. ते नाव मी इथे लिहीत नाही, ते तिचं आहे.

अक्षरं जोडून नाव करणं हे आजच्या आईबापांचं खूळ आहे, असं आपल्या लेखात म्हटलं आहे. ते बरोबर नाही. 'व्हॅनेसा' हे आज कुणालाही न खटकणारं नाव लेखक जोनाथन स्विफ्टनं अठराव्या शतकात असंच जुळवलं: एस्थर नावाच्या मैत्रिणीच्या आडनावातलं 'व्हॅन' घेतलं आणि त्याला तिच्या नावातला 'एस' जोडला. 'वेंडी' तर एका लहान मुलीच्या बोबड्या बोलातून आलं. लेखक जे. एम. बॅरी यांना ती 'फ्रेंडी' म्हणायची, पण 'र' म्हणता येत नसल्यानं तिच्या तोंडून 'फ्वेंडी' बाहेर पडायचं. ती मुलगी लहानपणीच गेली. बॅरींनी 1904 च्या 'पीटर पॅन' नाटकातल्या मुलीला ते नाव दिलं आणि पुढे ते घराघरांत गेलं. पहिल्यांदा ऐकणाऱ्यांना तेही विचित्रच वाटलं असणार.

काही नावांमागे तर हसण्यासारखं काहीच नसतं. मंगोलियात 'नेर्ग्वी' म्हणजे 'नाव नाही', 'एनेबिश' म्हणजे 'हा तो नव्हे', 'खुनबिश' म्हणजे 'माणूस नाही'. आधीची मुलं दगावलेली असली की नंतरच्या बाळाला असं नाव ठेवत. दुष्ट शक्ती त्याला शोधत आली तर फसावी, हात हलवत परत जावी, एवढाच हेतू. नायजेरियातल्या योरुबा लोकांत तेच मूल पुन्हा पुन्हा जन्मतं आणि मरतं अशी समजूत होती. तिथे अशा बाळाला 'मालोमो', म्हणजे 'पुन्हा जाऊ नकोस', किंवा 'दुरोजाये', म्हणजे 'थांब, आयुष्य भोग', असं म्हणत. मूल गमावलेल्या आईनं नव्या बाळाची केलेली ही विनवणी आहे. आपल्या यादीत ती 'गमतीदार' या सदराखाली छापली गेली.

प्रसंगावरून ठेवलेली नावंही कमी नाहीत. 1620 मध्ये 'मेफ्लॉवर' जहाज अटलांटिक ओलांडत असताना जन्मलेल्या मुलाचं नाव त्याच्या आईवडिलांनी 'ओशनस' ठेवलं. संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान यांचा जन्म 8 एप्रिल 1938 चा, शुक्रवारचा. घानातल्या अकान लोकांत शुक्रवारी जन्मलेला मुलगा तो 'कोफी'.

परकं वाटलं म्हणून नाव बदलून टाकणाऱ्यांत माझ्याच पेशाचे लोक पुढे असतात, याचं मला दुःख आहे. नेल्सन मंडेलांचं जन्मनाव रोलिह्लाह्ला. शब्दशः 'झाडाची फांदी ओढणारा', बोलीत 'खोडकर'. शाळेच्या पहिल्या दिवशी बाईंनी त्यांना 'नेल्सन' हे इंग्रजी नाव दिलं.

म्हणून काहीही ठेवलं तरी चालेल, असं मी म्हणत नाही. पडद्यावरून उचललेल्या नावांची तर मला भीतीच वाटते. 'गेम ऑफ थ्रोन्स' या मालिकेवरून कित्येक मुलींना 'खलीसी' नाव मिळालं. मुळात ते नाव नव्हेच, टोळीप्रमुखाच्या पत्नीची ती पदवी. 2019 मध्ये मालिका संपता संपता ती पदवी मिरवणाऱ्या नायिकेनंच अख्खं शहर जाळलं, तोवर मुलींचे जन्मदाखले निघून गेले होते. गोष्ट पूर्ण व्हायच्या आत तिच्यातलं नाव बाळाच्या गळ्यात बांधू नये.

मग चांगलं नाव कुठलं, हे ठरवायचं कुणी? न्यूझीलंडमध्ये 2008 साली नऊ वर्षांच्या एका मुलीचं प्रकरण गाजलं. तिचं नाव होतं 'तलुला डझ द हुला फ्रॉम हवाई', म्हणजे तलुला हवाईचं हुला नृत्य करते. त्या नावाची तिला इतकी लाज वाटायची की मैत्रिणींना ती 'मला के (K) म्हणा' एवढंच सांगायची. नाव बदलता यावं म्हणून न्यायाधीशांनी तिला काही काळ न्यायालयाच्या पालकत्वाखाली घेतलं. आइसलँडमध्ये नेमकं उलट घडलं. तिथे नवी नावं तपासणारी सरकारी समिती 1991 पासून आहे. 'ब्लाइर', म्हणजे वाऱ्याची झुळूक, हा शब्द व्याकरणात पुल्लिंगी, म्हणून मुलीला हे नाव देता येणार नाही असं समितीनं ठरवलं. पंधरा वर्षं सरकारी कागदांवर त्या मुलीची नोंद 'मुलगी' एवढीच होती. जानेवारी 2013 मध्ये ती आणि तिची आई खटला जिंकल्या.

एकीला नाव टाकायचं होतं, दुसरीला तेच हवं होतं. दोन्हीकडे न्यायालयानं त्या मुलीचं ऐकलं. त्या दोघींबद्दल वाचताना मला माझ्या वर्गातली मागच्या बाकावरची ती पोर आठवते.

माझी आपल्याला विनंती आहे. पुन्हा अशी यादी छापाल तेव्हा प्रत्येक नावापुढे ते कुठून आलं याची एक ओळ द्या. जागा कमी असेल तर नावं कमी करा. आणि पहिलीचा वर्ग हाती घेणाऱ्या माझ्या तरुण सहकाऱ्यांना एवढंच सांगते: हजेरी मोठ्यानं वाचण्याआधी, वर्ग भरायच्या आत, न लागणारं नाव त्या मुलालाच हळू विचारा, "तुझं नाव कसं म्हणायचं?"

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका