‘सार्डॉनिक’ शिकवणाऱ्या मॅडमना

प्रिय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

‘सार्डॉनिक’ या एका इंग्रजी शब्दासाठी तुमचे जाहीर आभार मानायचे आहेत. शब्दकोशात ‘कडवट, उपहासाचा’ एवढं मिळालं होतं, पण ‘सारकास्टिक’समोरही जवळपास तेच लिहिलेलं, त्यामुळे वापरायचा धीर होत नव्हता. तुम्ही पुस्तक मिटलंत आणि दोन्ही शब्द चेहऱ्यावर करून दाखवलेत. सारकास्टिकला भुवया उडवून सणसणीत टोमणा हाणलात. सार्डॉनिकला आवाज चढलाच नाही. ओठांचा एक कोपरा तेवढा वर गेला, डोळे कोरडेच राहिले. ‘टोमण्याला समोर कुणीतरी लागतं. हे हसू परिस्थितीवरही असतं, कधी स्वतःवरही,’ म्हणालात आणि फरक तिथेच कळला.

मग होमरच्या ‘ओडिसी’ या प्राचीन ग्रीक महाकाव्यातला प्रसंग सांगितलात. त्याचा नायक ओडिसियस भिकाऱ्याच्या वेषात स्वतःच्याच घरी बसलाय. त्याच्या बायकोशी लग्न करायला टपलेल्यांपैकी एक जण त्याच्यावर बैलाचा खूर भिरकावतो. हा नुसती मान वळवून तो चुकवतो आणि मनातल्या मनात हसतो. त्या हसण्याचं ग्रीक विशेषण म्हणजे या शब्दाचं मूळ. पुढे त्याचा संबंध सार्डिनिया बेटाशी जोडला गेला. तिथली एक विषारी वनस्पती पोटात गेली की चेहरा हसल्यासारखा वाकडा होऊन माणूस मरतो, असं सांगत. ती गाजराच्या कुळातली असावी, असं इटालियन संशोधकांनी 2009 मध्ये मांडलं. धनुर्वातात स्नायू आखडून ओठ ताणले जातात, त्याला डॉक्टर आजही ‘रायसस सार्डॉनिकस’ म्हणतात. ऐकताना अंगावर काटा आला. हसू आहे, आणि त्यात आनंदाचा लवलेश नाही!

एवढं सगळं न सांगताही तुमचा तास पुरा झाला असता. तुम्ही तास संपल्यावरही थांबलात, माझं एकेक वाक्य वाचलंत. नोकरी गेलेला माणूस ‘चला, उद्यापासून गजर लावायला नको’ म्हणतो, असं मी लिहिलं होतं. त्याखाली तुम्ही दोनदा रेघ ओढलीत, ‘हेच ते!’ म्हणालात. ते पान मी जपून ठेवलंय.

आता वाचताना हा शब्द आला की शब्दकोश उघडत नाही, बोलणाऱ्याचा चेहरा आठवून बघते. ‘सिनिकल’ राहिलाय अजून. तो तुमच्याकडूनच शिकायचा आहे.

तुमची विद्यार्थिनी