मंत्री महोदय, आमच्या शाळेचा संगणक परत द्या

प्रति,
माननीय शालेय शिक्षण मंत्री,
मध्य प्रदेश शासन, भोपाळ

महोदय,

सादर नमस्कार. हिंदीत तीन अर्ज केले, साधी पोचही मिळाली नाही. म्हणून हे चौथं पत्र माझ्या मायबोलीत, सगळ्यांसमोर.

मी इंदूरच्या एका सरकारी शाळेत चौथीला गणित शिकवते. मंगळवारी शाळेतला एकुलता एक संगणक वरच्या कार्यालयातली माणसं रिक्षात घालून घेऊन गेली. कारण काय, तर डेटा एंट्री. श्रावणात त्याच कार्यालयातले साहेब आमच्या वर्गात बसून मुलांबरोबर खेळले, फोटो काढले, दिवाळीपर्यंत चार संगणक देतो म्हणाले. दिवाळी गेली, होता तोही गेला.

कुठला खेळ, तेही ऐका. मला कोडिंगमधलं ओ की ठो कळत नाही. एआयला साध्या हिंदीत लिहिलं: भाजीबाजार बनव, मुलाने पाव किलो भेंडी घ्यावी, नोट द्यावी, परत आलेले सुट्टे मोजावेत. पहिल्यांदा त्याने सफरचंदं आणि डॉलर आणले. मग रुपये सांगितले, तराजू सांगितला, अक्षरं मोठी करायला लावली. तरी 20 ची भेंडी आणि 5 ची कोथिंबीर, बिल आलं 205! कधी तोंड न उघडणारी मागच्या बाकावरची मुलगी पडद्यावर बोट ठेवून ओरडली, "मैडम, सब्जीवाला ठग रहा है!" चौकटीत टाइप केलेला आकडा ब्राउझर मजकूर म्हणून घेतो आणि एकाला दुसरा चिकटवतो, आधी त्याची संख्या करून घ्यावी लागते. मला ते त्या रात्री कळलं, दुसऱ्या दिवशी अख्ख्या वर्गाला. सगळा खेळ ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या एका एचटीएमएल फाइलीत मावतो, पेनड्राइव्हवरून इंटरनेटशिवाय चालतो. सरकारचा छदामही लागला नाही.

लागलं ते माझं. रिचार्ज माझं, रात्रीची झोप माझी, मानेला पट्टा माझ्या. दिवसा शिकवायला वेळ कुठे आहे? पोर्टल भरा, आधार जुळवा, समग्र आयडी, म्हणजे राज्य सरकारने प्रत्येकाला दिलेला ओळख क्रमांक, तपासा. माझ्या ओळखीच्या सात शिक्षिकांपैकी पाच जणींची हीच रड आहे.

2020 च्या शिक्षण धोरणात सहावीपासून कोडिंग आहे. आता 2026-27 पासून तिसरीपासूनच एआय, असं केंद्राने जाहीर केलंय. शिकवायचं कशावर, फळ्यावर? तुमच्या घोषणा आमच्या शाळेच्या फाटकापर्यंत येतात आणि तिथेच थांबतात. याच इंदूरने 2017 पासून सलग सात वेळा स्वच्छतेत देशात पहिला नंबर काढला. कचरागाडी सकाळी दारात येते, कारण नाही आली तर कोणाला तरी जाब द्यावा लागतो. शाळेतून संगणक उचलून नेला त्याचा जाब कोण देणार?

सध्या 41 मुलं आणि काच तडकलेला माझा एक फोन. ती मुलगी रोज विचारते, "सब्जीवाला कब आएगा?" चार नकोत, साहेब. आमचा होता तोच परत पाठवा.

आपली,
एक शिक्षिका, इंदूर