एक मैलाचा फेरा

सोलापूर,
6 जानेवारी

प्रिय मल्ल्या,

अक्षर ओळखून आधी शिवी हासडशील, ती हासडून घे. सव्वा वर्ष झालं. तुझे दोन फोन उचलले नाहीत, दिवाळीच्या मेसेजला नुसते हात जोडून पाठवले. घर विकून तू पोरीकडं पुण्याला गेलास, तेव्हा 'मल्ल्या पळाला' असं मीच गल्लीभर सांगत फिरलो होतो. तुझ्या कानावर आलं असणारच. आपल्या कट्ट्यावरचे लोक चहा पितात ते तेवढ्यासाठीच.

तब्येत ठीक. गुडघा आहे तसाच. सुनंदाची शुगर जरा हलली होती, आता बरी.

तर झालं असं. नोव्हेंबरात निखिलकडं कॅलिफोर्नियात होतो. एका रविवारी त्यानं गाडीत घालून जोशुआ ट्री नॅशनल पार्कात नेलं. वाळवंट आहे रे, मोहावीचं. आत पाणी मिळत नाही, घरून न्यायचं. त्यात आपल्याला काय नवल? सुनंदानं पाण्याबरोबर कडक भाकरी आणि शेंगा चटणीही घेतली. निखिल म्हणाला, "बाबा, सोपा ट्रेल आहे, एकच मैल. सुरू होतो तिथंच संपतो." म्हणजे प्रदक्षिणाच की!

त्या फेऱ्याचं नाव हिडन व्हॅली. खडकांच्या खिंडीतून आत शिरलं की चारी बाजूंनी खडकच खडक, कुणी भाकऱ्यांची चवड रचून मध्येच उठून गेल्यासारखे. एकाला हात टेकला तर तळव्याला खरखरीत दाणे चिकटले. ग्रॅनाइट. तू असतास तर तिथंच वर्ग भरवला असतास. आपला काळा पाषाण लाव्हा बाहेर येऊन पसरला त्याचा, आणि हा जमिनीच्या पोटातच थंड झालेला, दहा कोटी वर्षांहून जुना. भेगांत पाणी मुरून कोपरे झिजले, मग वरची माती वाहून गेली आणि हे गोटे उघडे पडले. मास्तर, बरोबर ना? ती जोशुआची झाडं म्हणजे घायपातीची भावकी. खोडात वर्षाची वलयं नसतात, त्यामुळं वय नेमकं सांगता येत नाही. सुनंदा म्हणाली, "बरंय की त्यांचं."

निम्म्या वाटेवर एका खडकाच्या सावलीत बसलो. निखिल सांगत होता, पूर्वी चोरून आणलेली गुरं या दरीत लपवायचे म्हणे. मी म्हटलं, मग आज म्हातारा बैल आणलास का? तो हसला नाही. बुटाच्या नाडीकडं बघत म्हणाला, "बाबा, सोलापूरचं घर विका आणि इकडं या. आईला रात्री काही झालं तर मला पोचायला दीड दिवस लागतो." पाठ करून आला होता रे. सुनंदा चटणीच्या पुडीची गाठ सोडत होती, तिचा हात तसाच थांबला. म्हणजे तिला आधीच माहीत होतं.

पोरगा म्हणाला याचं काही नाही. मला छळतंय ते वेगळंच. त्या खडकावर बसल्या बसल्या मी मनात चौरस फुटाचा भाव काढला. प्लॉट अधिक बांधकाम, वजा दलाली. आणि बरं वाटलं, मल्ल्या. पाण्याचा वार लक्षात ठेवायला नको, भाडेकरूशी कटकट नको. तेवढ्यात तू आठवलास, आणि भाकरीचा घास फिरायला लागला. त्याला ना हो म्हटलं, ना नाही. राहिलेला अर्धा मैल तिघंही गप्प. पार्किंग आलं तेव्हा सुनंदा म्हणाली, "फिरून तिथंच आलो." कशाबद्दल म्हणाली ते मी विचारलं नाही.

परत आल्यापासून रोज रात्री गच्चीवर जातो आणि हिशेब पुन्हा मांडतो. आकडा रोज वेगळा येतो. तुझ्या जागी आलेल्या माणसानं आपला कडुलिंब तोडला. ज्याच्या मुळानं सामाईक भिंत तडकली म्हणून आपण तीन महिने बोललो नव्हतो, तोच. आता भिंत शाबूत आहे, भांडायला कुणी नाही.

नातीचं दहावीचं वर्ष ना? वहिनींचा मोतीबिंदू झाला का? पुण्याची थंडी सोसते ना तुला? बरं.

एक विचारायचं आहे, म्हणून हा सगळा पसारा. खरेदीखत करून तू आलास त्या संध्याकाळी तुझ्याच फाटकाबाहेर अर्धा तास उभा होतास. मी गच्चीवरून बघत होतो. खाली उतरलो नाही. काय चाललं होतं रे तुझ्या डोक्यात? ते मला सांग. फोनवर नको.

होम मैदानावर सिद्धेश्वराच्या जत्रेचे पाळणे उभे राहतायत. 13 तारखेला अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, 14 ला अक्षता. पूर्वीसारखं नंदीध्वजांच्या मागं अनवाणी फिरू, गुडघा म्हणेल तिथपर्यंत. उतरायचं माझ्याकडंच, लॉज-बिज बघू नकोस. आणि भिंतीचे तुझ्याकडचे 1800 रुपये अजून बाकी आहेत, येताना घेऊन ये.

तुझा,
अशोक