कारखान्यावर जाण्याआधी लेकरांचे कान तपासा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी धारूर तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. आमच्याकडची घरं दिवाळीनंतर लेकरांसकट ऊसतोडीला साखर कारखान्यांवर जातात. माझ्या चुलत बहिणीचा नातू अडीच वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता. 'त्याचा बाप पण उशिराच बोलला होता' म्हणत सगळे निवांत होते. मी स्वतः त्याच्या पाठीमागं ताट वाजवून बघितलं. लेकरू वळलं, आणि मीच घरच्यांना सांगितलं की ऐकू येतंय. ते आवाजाला नव्हे, माझ्या सावलीला वळलं असेल. पुढं बेरा तपासणी (आवाज कानाच्या नसेतून मेंदूकडं जातो का ते बघणारी) झाली तेव्हा कळलं की दोन्ही कानांना जन्मापासूनच ऐकू येत नाही. त्या ताटाचा आवाज अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

हे लेकरू जिथं जन्मलं, त्या सरकारी रुग्णालयात नवजात बाळांचे कान तपासायचं ओएई मशीन होतं. पण कानात घालायच्या रबरी टिपा संपल्या म्हणून ते कपाटात पडून होतं. तिसऱ्या दिवशी बाळंतिणीला सुट्टी झाली.

नंतर एका शिबिरात मी ही तपासणी जवळून पाहिली. आईनं लेकराला पाजून मांडीवर निजवलं. तपासणाऱ्या ताईंनी पंखा बंद केला, दारातल्या बायांना गप्प केलं आणि बारीकशी मऊ टीप लेकराच्या कानात बसवली. मशीन कानात बारीक टिकटिक सोडतं. आतला शंखासारखा भाग धड असला, तर त्यातल्या केसपेशी हलतात आणि अगदी क्षीण आवाज उलटा बाहेर पाठवतात. टिपेतला माईक तो टिपतो. कान असा आवाज परत देतो हे लंडनच्या डेव्हिड केम्प यांनी 1978 मध्ये दाखवलं. सुई नाही, भूल नाही, लेकरानं मान वळवायचीही गरज नाही. काही मिनिटांत पडद्यावर 'पास' आलं, लेकरू झोपलेलंच होतं.

'पास'ऐवजी 'रेफर', म्हणजे पुढं तपासा, असं आलं म्हणजे लेकरू बहिरं, असं मात्र नाही. पहिल्या एक-दोन दिवसांत कानात पाणी किंवा पांढरा चिकटा असला तरी रेफर येतं. म्हणून पुन्हा तपासावं लागतं, आणि आमच्या बीड जिल्ह्यातली लेकरं नेमकी इथंच सुटतात. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्याच्या आत उपचार सुरू, असं डॉक्टर सांगतात. दिवाळीला जन्मलेल्या लेकराचे हे सहा महिने उसाच्या फडात आणि कोपीत, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीत, जातात. पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, ते गावी येतं तोवर वेळ निघून गेलेली असते. 2013 पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपण आहे, पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतंही. पण त्या दिवशी लेकरू कारखान्यावर असलं, तर माझ्या रजिस्टरात फक्त 'स्थलांतरित' लिहिलं जातं.

माझं म्हणणं एवढंच आहे. सुट्टी द्यायच्या आधी प्रत्येक बाळाचे दोन्ही कान तपासा आणि निकाल माता-बाल संरक्षण कार्डावर लसीच्या रकान्याशेजारी लिहा. कार्ड आई कारखान्यावरही जपून नेते, कोपीतल्या पेटीत ते कपड्यांच्या तळाशी असतं. रेफर आलेल्याची दुसरी तपासणी दीड महिन्याच्या डोसच्या दिवशीच ठेवा, म्हणजे वेगळी मजुरी बुडत नाही. ही सोय कारखान्यांजवळच्या रुग्णालयांतही हवी. आणि जी लेकरं काचेच्या पेटीत राहिली किंवा ज्यांची कावीळ फार वाढली, त्यांची बेराही करा. ओएई फक्त आतला कान बघतं, नसेतला दोष त्यात सापडत नाही. टिपा वेळेवर मागवणं हे तर कुणाचं तरी नेमून दिलेलं काम असलंच पाहिजे.

आमचा नातू आता कानाला मशीन लावतो. आई त्याला घेऊन दर आठवड्याला एसटीनं स्पीच थेरपीला नेते, म्हणून गेल्या हंगामात बाप एकटाच अर्ध्या कोयत्यावर गेला (नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात). अडीच वर्षं उशिरा का होईना, ते लेकरू 'आई'सारखं काहीतरी म्हणू लागलंय.

दिवाळी तोंडावर आली आहे. माझ्या गावात या महिन्यात तीन बाळंतपणं आहेत आणि तिन्ही घरांनी मुकादमाकडून ऊसतोडीची आगाऊ उचल घेतलेली आहे.

आपली,
एक अंगणवाडी सेविका
ता. धारूर, जि. बीड