कोन ठेवायला उतरणाऱ्याचे काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीत अभियांत्रिकीच्या मुलांनी बनवलेल्या घडीच्या सुरक्षा-भिंतीवर पानभर मजकूर आला आहे. अपघाताच्या जागी पोलीस, रुग्णवाहिकेची मुले आणि क्रेनवाले यांना आडोसा मिळावा म्हणून कुणीतरी डोके चालवते आहे, याचा आनंदच आहे. फोटोही छान. कॉलेजच्या पटांगणात, भर उन्हात, दोघे हसत भिंत उघडताहेत. भिंत हलकी आहे, दोन माणसे ती चार मिनिटांत उभी करतात, असे आपल्या प्रतिनिधीने कौतुकाने लिहिले आहे. ती चार मिनिटे ही दोन माणसे कुठे उभी असतात, हे विचारायचे मात्र राहून गेले. रस्त्यातच ना? मग त्यांच्या पाठीमागे कोणती भिंत?

मला हा प्रश्न पडतो, कारण माझा भाचा द्रुतगती मार्गावर पेट्रोलिंगच्या गाडीवर होता. घाट उतरल्यावर एक टेम्पो आडवा झाला होता, कांद्याची पोती फुटून रस्ताभर कांदा पसरला होता. पावसाळ्यातली पहाट, झिमझिम चालूच. गाडी टेम्पोच्या मागे लावली, वरचा पिवळा दिवा सुरू केला आणि भाचा कोन, म्हणजे वाहनांना इशारा द्यायचे प्लास्टिकचे शंकू, घेऊन उतरला. पहिला कोन गाडीजवळ, मग येणाऱ्या वाहनांच्या दिशेने मागे मागे जात पुढचे. म्हणजे सगळ्यात लांबचा कोन ठेवताना तो मुलगा सगळ्यात एकटा. एका मोटारीने त्याला तिथेच उडवले. तोवर ठेवलेले कोन अगदी सरळ रेषेत होते म्हणतात.

मांडीत सळई पडली. ठेकेदाराचा माणूस दवाखान्यात आला, नारळपाणी घेऊन आला, आणि पहिला प्रश्न त्याने विचारला तो जॅकेटची चेन लावली होती का, असा. पुढे कागदावर ‘सुरक्षा साधनांचा योग्य वापर केलेला आढळला नाही’ असे वाक्य चढले आणि भरपाईचे घोडे तिथेच अडले. मोटारवाल्याने काय लावले होते, कानाला फोन की डोळ्याला झापड, याची चौकशी कुणी केल्याचे आमच्या ऐकिवात नाही. भाचा आता भावाच्या झेरॉक्सच्या दुकानात बसतो. बसतो म्हणजे बसूनच असतो, फार वेळ उभे राहता येत नाही.

आता तुम्ही म्हणाल, एकाचे झाले म्हणून काय. दसऱ्याची पहाट आठवा, 5 ऑक्टोबर 2022. वांद्रे-वरळी सी लिंकवर एका गाडीला अपघात झाला म्हणून रुग्णवाहिका आली, सी लिंकचे कर्मचारी आले, आणि मागून आलेली मोटार त्या सगळ्यांवरच चढली. पाच जण गेले. त्यात मदतीला धावलेले होते. पुढच्याच वर्षी जुलैत अहमदाबादच्या इस्कॉन पुलावर तसेच झाले. आधीचा अपघात पाहायला गर्दी जमलेली, त्यात मोटार घुसली, नऊ जण गेले, त्यांत एक पोलीस आणि एक होमगार्ड. 2016च्या जूनमध्ये पनवेलजवळ कडेला थांबलेल्या दोन मोटारींवर बस आदळून 17 जण गेले, ते तर आपल्याच दारातले. तेव्हाही आपल्या दैनिकात मोठमोठे मथळे होते.

ताशी 100 किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला 28 मीटर कापते. चालकाला समोरचे दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंत पन्नास मीटर गेलेले असतात. ओल्या रस्त्यावर पुढचे बोलायलाच नको. अशा ठिकाणी हाताने उघडायची भिंत!

परदेशात हा विचार कधीच होऊन गेला आहे. जड ट्रकच्या मागे चुरगळणारा ठोकळा बसवतात. आत मधमाशांच्या पोळ्यासारखी ॲल्युमिनियमची घरे असतात, मागून गाडी आदळली की ती चेपत जातात आणि धक्का खातात. चालक केबिनमध्ये बसून खटका दाबतो, ठोकळा खाली येतो. कुणी रस्त्यावर पाय ठेवायचा नाही. कॅलिफोर्नियाच्या रस्ते खात्याने तर ट्रेलरवरच लोखंडी तुळया बसवल्या, त्या हव्या त्या बाजूला वळवून मधल्या जागेत माणसे काम करतात. 2001 साली गाडीची धडक बसून जबर जखमी झालेल्या आपल्याच कामगाराचे, मार्क बाल्सीचे, नाव त्यांनी त्या यंत्राला दिले. आमच्याकडे कामगाराच्या नावावर काय चढते, ते वर लिहिलेच आहे.

अर्थात बाहेरचे जसेच्या तसे आणून चालणार नाही, हेही खरे. अशा ठोकळ्यांच्या त्यांच्या चाचणीत ताशी 100 किलोमीटरने 1,100 किलोची मोटार आणि 2,270 किलोची पिकअप आदळवून पाहतात. बोरघाटात ब्रेक फेल होऊन येणारा पोलादी पत्र्याची गुंडाळी, म्हणजे कॉइल, भरलेला ट्रेलर या हिशेबात कुठेच बसत नाही. शिवाय धडक बसली की आडोशाचा ट्रकही पुढे सरकतो, म्हणून त्याच्या पुढे बरीच मोकळी जागा सोडावी लागते. आमच्याकडे त्याच मोकळ्या जागेत बघे मोबाइल काढून उभे राहतील आणि पाच मिनिटांत शेंगदाणेवालाही येईल. त्या मुलांनी डोके लढवायचे तर इथे लढवावे. अरुंद घाटात, कडेला जागा नसताना, क्रेनच्या आधी पोहोचेल आणि माणूस खाली न उतरता लागेल असे काही करा. भिंत हलकी आहे याचे कौतुक कशाला? हलकी वस्तू उडून त्याच माणसांच्या अंगावर येते.

तोपर्यंत निदान एवढे तरी व्हावे. टोलच्या करारात क्रेन आणि रुग्णवाहिका लिहितात, तसा ठोकळा लावलेला एक ट्रक घाटाच्या वर आणि एक खाली, चालकासकट चोवीस तास, असे लिहून घ्या. पैसे नाहीत हे मला सांगू नका, टोल मीही भरतो. रुग्णवाहिकेला वाट दिली नाही तर दहा हजारांचा दंड कायद्यात आहे. उभ्या रुग्णवाहिकेजवळून वेग कमी करून जावे, हे लायसन्स देताना तरी कुणी शिकवते का? आमचे ट्रकवाले बंद गाडीमागे दगड आणि झाडाच्या फांद्या टाकतात, त्यांना आपण अडाणी म्हणतो. जाताना ते दगड तिथेच सोडून जातात ही त्यांची चूक, पण मागून येणाऱ्याला आधी कळले पाहिजे, एवढे तरी त्यांना समजते.

जाता जाता आणखी एक. मागे खोपोली फाट्यावरच्या बंद दिव्यांबद्दल मी पत्र पाठवले होते. आपण त्यातले दिवे काढून टाकलेत आणि ‘आपले दैनिक आम्ही नियमित वाचतो’ एवढेच छापलेत. त्यानंतर गावात लोक मला विचारत होते की संपादकांकडे काही काम आहे का. हे पत्रही कापाल, जागेची अडचण मी समजू शकतो. कॅलिफोर्निया कापा, ॲल्युमिनियम कापा, हवे तर माझी सही कापा. जॅकेटच्या चेनचा परिच्छेद ठेवा, तो ठेकेदार आपलेच दैनिक घेतो.

आपला,
एक नियमित वाचक, खोपोली