एथिक्स कमिटीला एक पूर्णवेळ माणूस द्या

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

स.न.वि.वि.

विदर्भातल्या एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या एथिक्स कमिटीचे दप्तर मी सांभाळतो. एम.डी.च्या विद्यार्थ्याचा प्रबंध असो की कंपनीच्या नव्या औषधाची चाचणी, आमच्या रुग्णांवरचे कुठलेही संशोधन या कमिटीच्या मंजुरीशिवाय सुरू होत नाही. कमिटी कशी असावी हे औषध चाचण्यांच्या २०१९च्या नियमांनी घालून दिले आहे : किमान सात सदस्य, निम्मे संस्थेबाहेरचे, अध्यक्षही बाहेरचा. कागदावर आम्ही त्यात चोख बसतो.

रड आहे ती मंजुरीनंतरची. आमच्या सदस्य सचिव फार्माकॉलॉजीच्या प्राध्यापक. लेक्चर, परीक्षा, तपासणीची कागदपत्रे यांतून उरलेल्या वेळात त्या कमिटी चालवतात. अतिरिक्त कार्यभार, दुसरे काय! चाचणीत गंभीर दुष्परिणाम घडला तर संशोधकाने २४ तासांत कळवायचे असते. तो ई-मेल शनिवारी संध्याकाळी आला, तर उघडतो सोमवारी. आणि मंजूर झालेल्या संशोधनात वॉर्डात प्रत्यक्ष काय चालले आहे, हे पाहायला तर कोणीच जात नाही.

मध्यंतरी एका प्रबंधाची संमतीपत्रे चाळत होतो. रुग्णाला वाचता येत नसेल तर निःपक्षपाती साक्षीदार लागतो, म्हणजे त्या संशोधनाशी संबंध नसलेला माणूस. त्या गठ्ठ्यात प्रत्येक अंगठ्याशेजारी एकच सही होती, त्याच निळ्या पेनची, संशोधन करणाऱ्याच युनिटच्या ज्युनिअर रेसिडेंटची, म्हणजे शिकाऊ डॉक्टरची. त्या पोराला तरी काय दोष द्यायचा? रात्री वॉर्डात दुसरे असते कोण? आणि गडचिरोलीहून आलेला, कसाबसा बेड मिळालेला माणूस खाटेजवळ उभ्या डॉक्टरांना 'नाही' म्हणेल, अशी आशा आपण कशाच्या जोरावर करतो?

२००९ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मममध्ये शाळकरी मुलींना एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची, लस देणारा प्रकल्प झाला. त्यालाही एथिक्स कमिटीची मंजुरी होतीच. संसदीय स्थायी समितीने २०१३च्या अहवालात नोंदवले, की आंध्रातल्या ९,५४३ संमतीपत्रांपैकी २,७६३ वर वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या. लस चांगली की वाईट हा प्रश्नच वेगळा. आईबापांना विचारले होते का, एवढे तपासायला कोणी खम्ममला गेले असते, तर ते तेव्हाच कळले असते.

म्हणून मागणी एकच : प्रत्येक शासकीय महाविद्यालयाच्या कमिटीला एक पूर्णवेळ समन्वयक द्या. पदनिर्मितीवर निर्बंध आहेत, हे उत्तर आम्हाला पाठ आहे. जिथे कंपन्यांच्या चाचण्या होतात तिथे त्यांच्याकडून घेतलेली प्रस्ताव तपासण्याची फी कमिटीच्या नावे वेगळी ठेवू द्या, कंत्राटी माणसाचा पगार त्यातून निघू शकेल. आज त्या पैशातून साधे कुलूपवाले कपाट घ्यायचे तरी फाइल तीन टेबलांवर फिरते. आणि चाचणी संपल्यावर पाच वर्षे कागद जपायचे, हा नियम मात्र आमच्यावरच. नव्या जिल्हा महाविद्यालयांत नुसते प्रबंधच असतात, फी जवळजवळ नाहीच. तिथला खर्च शासनालाच उचलावा लागेल.

आणखी एक. या पदाच्या कर्तव्यसूचीत वॉर्डातली अचानक तपासणी स्पष्ट शब्दांत लिहा. नाहीतर आलेला माणूस महिन्याभरात आस्थापना शाखेत टायपिंगला बसवला जाईल.

आपला,
एथिक्स कमिटीचा एक कर्मचारी