शिबिर जूनमध्ये नको, कापसाच्या काट्याजवळ घ्या

संपादक महोदय,

मृग लागला की आमच्या भागात 'आर्थिक साक्षरते'ची शिबिरे सुरू होतात. मी शेतकऱ्यांना पीककर्ज देणाऱ्या सेवा सहकारी सोसायटीचा गटसचिव; माणसे गोळा करायचे काम आमच्याकडेच येते. शिबिराला माझी ना नाही, पण महिना चुकतो.

डिसेंबरात कापूस घेऊन वजनकाट्यावर उभा शेतकरी पाहा. किती क्विंटल भरले, ओलाव्यापोटी किती कापले, हमालीचे किती गेले, व्यापाऱ्याने कॅल्क्युलेटर काढायच्या आत त्याचा हिशेब तोंडी तयार. तोच माणूस जूनमध्ये माझ्या टेबलाशी येतो तेव्हा पेरणी तोंडावर, पोरीची फी बाकी, बियाण्याची उधारी ठरायची. व्याजाची अट वाचून दाखवू लागलो तर म्हणतो, "भाऊ, सही कुठी करू थे सांगा." यावरून त्याला अडाणी ठरवणारे साहेबही पाहिलेत.

तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादकांचा अभ्यास २०१३ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आला होता. त्याच माणसांची बुद्धीची चाचणी तोडणीआधी आणि तोडणीनंतर घेतली. हात रिकामा असताना ती खराब गेली, पैसा आल्यावर सुधारली. तोडणीच्या तारखा कारखाना ठरवतो, प्रत्येकाची वेगळी. म्हणजे हा हवामानाचा खेळही नव्हे.

पश्चिम केनियात डुफ्लो, क्रेमर आणि रॉबिन्सन या अर्थशास्त्रज्ञांनी याच्या जवळचे काम केले. मका निघाल्याबरोबर शेतकऱ्याला पुढच्या पेरणीचे खत पूर्ण भावात विकले, फक्त घरपोच फुकट. खत वापरणारे वाढले. पुढे हंगामात, उभ्या पिकाला वरखत द्यायच्या वेळी, निम्म्या भावात खत देऊनही साधारण तेवढेच वाढले होते.

आमच्याकडे हे जमण्यासारखे आहे. डीएपी खताची ५० किलोची गोणी १३५० रुपयांची. आधीच घरात आणून ठेवले तर खत ओल धरते, म्हणून कापसाचे पैसे खात्यात आले की सोसायटीने खताचे पैसे घेऊन पावती फाडावी आणि माल जूनमध्ये, पावतीच्याच भावाने द्यावा.

जुनी उधारी वळती झाल्यावर उरते काय, असे कोणी विचारेल. अनेकांना काहीच उरत नाही, आणि कापसाला भावच नसेल तर मानसशास्त्र तरी काय करणार? पण ज्याच्या हाती दोन गोण्यांचे पैसे उरतात, त्याचे ते चैतापर्यंत लग्नकार्यात जातात आणि जूनला तो पुन्हा उधारीच्या दारात असतो.

सहकारी संस्थांवर देखरेख करणाऱ्या जिल्हा उपनिबंधकांनी येत्या हंगामात एका सोसायटीपुरती परवानगी द्यावी. खरेदी केंद्रावर टेबल-खुर्ची आम्ही लावतो.

– एक गटसचिव, ता. घाटंजी, जि. यवतमाळ